थंडी ‘वाजते’ कशी?

क्लास नाही, ट्यूशन नाही, व्याकरणाचं पुस्तक तर नाहीच नाही. तरी अडीच-तीन वर्षांचं पोर धडाधड मराठी बोलायला लागतं. आपल्याला वाटतं, पोरांना काय, सोप्पं असतं! ते सोप्पं का नसतं आणि त्याचा तुमच्या घरातल्या संध्याकाळशी काय संबंध, त्याची ही गोष्ट.

तुमच्या टीममध्ये एखादा तरी नॉन-मराठी कलीग असेलच. समजा, लखनौचा. पुण्यात येऊन दोन वर्षं झाली आणि आता त्याला मराठी शिकायची हुक्की आलीय. डिसेंबरातली सकाळ, वर एसी फुल्ल. तो हात चोळत म्हणतो, ‘मला थंडी लागते.’ तुम्ही हसून सांगता, ‘लागते नाही रे, वाजते.’

‘वाजते? घंटीसारखी?’

हो बाबा, घंटीसारखी. ‘मग भूकपण वाजते?’ नाही, भूक लागते. ‘झोप?’ येते. ‘भीती?’ वाटते. ‘ताप?’ येतो, आणि मग चढतो. ‘घाम?’ येतो, सुटतो आणि अप्रेझलच्या दिवशी फुटतो. एव्हाना बिचाऱ्याने एक्सेल शीट उघडलेलं असतं. ‘यार, रूल सांग ना. एकदा रूल कळला की बास.’

आणि इथे तुमची बोलती बंद होते. कारण रूल नाहीच! तुम्ही हे सगळं बिनचूक बोलता, पण कसं बोलता ते तुम्हाला सांगता येत नाही. शाळेत शिकवलं म्हणावं तर शाळेत जायच्या आधीपासून येत होतं. मग शिकलात कधी? आणि कसं?

हा प्रश्न कॉफी मशीनजवळच्या टाइमपासपुरता असता तर मी यावर लिहिलं नसतं. पण माझ्या ओळखीच्या प्रत्येक नव्या आईबाबांच्या डायनिंग टेबलवर सध्या एकच विषय असतो: घरी पोराशी बोलायचं कुठल्या भाषेत? आणि त्या निर्णयाची नाळ थेट या ‘वाजते-लागते’शी जोडलेली आहे. कशी, ते बघू.

शब्द अधिक नियम?

शाळेतल्या व्याकरणाच्या तासाने आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसवलंय. एका बाजूला शब्दांची पेटी, दुसऱ्या बाजूला नियमांचं पुस्तक. शब्द घ्या, नियम लावा, वाक्य तयार. हा फंडा जुना आहे आणि दमदारही. पाणिनीने अख्खं संस्कृत सुमारे ४००० सूत्रांत बसवलं, ते पाहून जगभरचे भाषातज्ज्ञ आजही कानाला हात लावतात.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या नोम चॉम्स्कीने यात पुढचा प्रश्न विचारला. लहान मुलाच्या कानावर पडतात ती अर्धीमुर्धी, अडखळती वाक्यं. चुकलं तर आईबाप व्याकरण दुरुस्त करत बसत नाहीत. मग इतक्या तुटपुंज्या मालावर पोर भाषा उभी करतं कसं? त्याचं उत्तर असं, की व्याकरणाचा मूळ आराखडा माणूस जन्मतःच घेऊन येतो. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या पुस्तकावर चॉम्स्कीने १९५९ मध्ये लिहिलेलं परीक्षण गाजलं आणि पुढची काही दशकं या विचाराने गाजवली.

पण कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात काही लोकांना वेगळीच खाज होती. नियमांच्या पुस्तकात जे बसत नाही, त्याचं काय करायचं? चार्ल्स फिलमोर, पॉल के आणि मेरी कॅथरिन ओकॉनर या तिघांनी १९८८ मध्ये एका फुटकळ इंग्रजी शब्दप्रयोगावर भलामोठा शोधनिबंध लिहिला. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘लेट अलोन’. आपल्या मराठीत त्याचा जुळा भाऊ आहे: ‘बिर्याणी तर सोडाच, साधी खिचडीही जमत नाही.’

आता या वाक्यातलं ‘सोडाच’ बघा. कोणीही काहीही सोडत नाहीये. तरी अर्थ लख्ख आहे. आणि त्याला आतून शिस्तही आहे. अवघड गोष्ट आधी, सोपी नंतर. ‘खिचडी तर सोडाच, बिर्याणीही जमत नाही’ म्हटलं की ऐकणारा थबकतो. म्हणजे ही नुसती म्हण नाही, कारण तिच्यात हवे ते शब्द भरता येतात: ‘प्रमोशन तर सोडाच, रजाही मिळाली नाही.’ आणि हा सरसकट नियमही नाही, कारण ‘तर सोडाच’ हे शब्द जागचे हलत नाहीत. मग हे आहे काय?

हा आहे साचा. भाषातज्ज्ञ याला ‘कन्स्ट्रक्शन’ म्हणतात आणि या विचाराला ‘कन्स्ट्रक्शन ग्रामर’. आपण आपलं साच्यांचं व्याकरण म्हणू.

चकलीचा सोऱ्या

दिवाळीत घरी सोऱ्या निघतो. पीठ भरा, दांडा फिरवा. खाली चांदणीची चकती असेल तर चकली, बारीक भोकांची असेल तर शेव. खालून काय पडणार हे नुसतं पीठ नाही ठरवत, चकतीही ठरवते. साच्यांच्या व्याकरणाचं म्हणणं नेमकं हेच. अर्थ फक्त शब्दांत नसतो, वाक्याच्या साच्यालाही स्वतःचा अर्थ असतो.

पटत नाही? मग हे घ्या: ‘तो पडता पडता राहिला.’ शब्द मोजा. पडणं दोनदा आलंय, ‘नाही’ एकदाही नाही. तरी माणूस पडलेला नाही! हा ‘नाही’ कुठून आला? साच्यातून. ‘रडता रडता राहिली’, ‘राजीनामा देता देता राहिला’. काहीही भरा, गोष्ट होता होता टळते.

किंवा ‘चहाबिहा’. यातल्या ‘बिहा’ला डिक्शनरीत जागा नाही. पण पाहुण्याला ‘चहाबिहा घेणार?’ विचारलं की त्यात कॉफी, सरबत, दोन बिस्किटं आणि थोडा आग्रह असं सगळं येतं. आणि हा साचा इतका जिवंत आहे, की काल-परवा भाषेत आलेल्या शब्दांनाही सोडत नाही: पिझ्झाबिझ्झा, मीटिंगबिटिंग, लॅपटॉपबिपटॉप. कोणी शिकवलं? कोणीच नाही.

ॲडेल गोल्डबर्ग या भाषातज्ज्ञ बाईंनी १९९५ मध्ये ‘कन्स्ट्रक्शन्स’ नावाचं पुस्तक लिहून हा विचार पक्का बांधला. त्यांचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्रजीत म्हणता येतं, ‘पॅट स्नीझ्ड द नॅपकिन ऑफ द टेबल’. पॅट शिंकला आणि नॅपकिन टेबलावरून उडाला. शिंकणं हे काही वस्तू हलवायचं क्रियापद नाही. पण ‘अमक्याने तमकं तिथून हलवलं’ या इंग्रजी साच्यात ते टाकलं की शिंकसुद्धा ढकलायला लागते. मराठीत हे चालत नाही. ‘पॅटने नॅपकिन शिंकला’ म्हणून बघा! आपल्याला ‘शिंकेने उडाला’ असंच म्हणावं लागतं. साचे भाषेगणिक वेगळे, ते असे.

तर भाषा म्हणजे असे हजारो साचे. काही एकदम घट्ट, जसं ‘थंडी वाजते’. काही अर्धे उघडे, जसं ‘तर सोडाच’. काही जवळजवळ पूर्ण उघडे, जसं ‘कोणीतरी काहीतरी केलं’. म्हणी एका कपाटात आणि व्याकरण दुसऱ्या, असं नाही. सगळा एकच सलग कारभार. आणि यातला प्रत्येक साचा पोराला कानाने वेचावा लागतो. काम अवघड आहे ते इथे.

बाळाच्या खुर्चीतून

एकदा बाळाच्या जागी बसून बघा. पहिला प्रॉब्लेम: बोलण्यात शब्दांच्या मध्ये जागा नसते. लिहिताना आपण स्पेसबार दाबतो, तोंडाला स्पेसबार नाही. ‘अगंबघनाकाऊआला’ असा एक लांबच लांब आवाज येतो आणि त्यात ‘काऊ’ कुठे सुरू होतो ते बाळाने शोधायचं. जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना बिनअर्थाच्या अक्षरांची सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. कुठली अक्षरं कायम जोडीने येतात आणि कुठली नाही, हे बाळांनी तेवढ्यात टिपलं. म्हणजे पाळण्यात पडल्या पडल्या डेटा ॲनॅलिसिस चालू असतं!

दुसरा प्रॉब्लेम आवाजांचा. आपल्याला ‘त’ आणि ‘ट’ वेगळे वाटतात, इंग्रजांच्या कानाला तो फरक पकडता येता येत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग यावरच होता. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ सहज वेगळा ओळखत होती. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचं ते कसब गेलं. घरात जे ऐकू येत नाही, त्यासाठी कान जागा अडवून ठेवत नाही.

तिसरा प्रॉब्लेम खास आपला. मराठीचे साचे भन्नाट आहेत. ‘दादाने आंबा खाल्ला’, पण ‘दादाने कैरी खाल्ली’. खाणारा दादाच, पण क्रियापद चाललंय आंब्या-कैरीच्या मागे. ‘दादाने गाणं म्हटलं’, पण ‘दादा गाणं शिकला’. इथे ‘ने’ गायब आणि क्रियापद परत दादाकडे! ‘आपण जाऊ’ म्हटलं तर त्यात पोरगं धरलेलं असतं, ‘आम्ही जातो’ म्हटलं की ते घरी राहणार. एका सर्वनामात बागेत जायला मिळणार की नाही याचा निकाल. आणि लिंगाचं तर विचारूच नका. मीटिंग ‘झाली’, पण ट्रेनिंग ‘झालं’. दोन्ही इंग्रजी, दोन्हींच्या शेवटी तेच शेपूट. मेल ‘आला’ की ‘आली’ यावर आमच्या ऑफिसात दोन पार्ट्या आहेत.

हे काम किती सावकाश चालतं, ते एका बापाने चक्क रेकॉर्ड करून ठेवलंय. एमआयटीतला संशोधक डेब रॉय याने स्वतःच्या घरात ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले आणि मुलाची पहिली तीन वर्षं टिपली. ९०,००० तासांचा व्हिडिओ. २०११ च्या त्याच्या भाषणात त्याने त्यातला एक तुकडा ऐकवला: मुलाचा ‘गागा’ हळूहळू ‘वॉटर’ होतो. एका शब्दाला सहा महिने! आणि पुढच्या अभ्यासात त्याला दिसलं, की जे शब्द ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक गप्पांत येत होते, ते मुलाने लवकर उचलले. जेवताना येणारा शब्द जेवणाला चिकटून येतो.

तुकड्या तुकड्याने

माझी भाची चिऊ आता तीन वर्षांची आहे. गेलं वर्षभर तिची वाक्यं मी मोबाइलच्या नोट्समध्ये उतरवून ठेवतेय. सुरुवातीची यादी वाचली की गंमत कळते. ‘दुदू पाहिजे.’ ‘भूभू पाहिजे.’ ‘ताता पाहिजे.’ मग ‘आई कुठे गेली?’ आणि त्याच चालीवर ‘बॉल कुठे गेली?’, ‘बाबा कुठे गेली?’ म्हणजे ‘कुठेगेली’ हा तिच्यासाठी एक अख्खा तुकडा होता. पुढचा शब्द बदलायचा, मागचं जसंच्या तसं. बाबांसाठी ‘गेले’ लागतं, हे यायला आणखी कितीतरी दिवस गेले.

मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञाने हेच स्वतःच्या मुलीच्या बोलण्यात पाहिलं आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं, की दोन वर्षांच्या आसपास प्रत्येक क्रियापद म्हणजे एक सुटं बेट असतं. एका क्रियापदासोबत मूल जे करतं, ते दुसऱ्यासोबत करत नाही. बेटांवर पूल नंतर पडतात.

एलेना लीवन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एका दोन वर्षांच्या इंग्रज मुलीचं बोलणं सहा आठवडे, आठवड्याला पाच तास रेकॉर्ड केलं. शेवटच्या तासात तिने एकाहून जास्त शब्दांची जी वाक्यं म्हटली, त्यातली ६३ टक्के ती आधी जशीच्या तशी बोलून चुकली होती. उरलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाक्यांत आधीच्या एखाद्या वाक्यातली एकच गोष्ट बदललेली होती. बस्स.

आणि आपण मोठे तरी कुठे वेगळे? त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात बारा इंग्रज आयांचं बोलणं तपासलं. निम्म्याहून जास्त वाक्यांची सुरुवात फक्त ५२ ठरलेल्या तुकड्यांपैकी एकाने होत होती. मराठी आईचं मनातल्या मनात ऐकून बघा: ‘हे बघ...’, ‘कोण आलं...’, ‘काय झालं...’, ‘चल आपण...’, ‘असं नाही करायचं...’. तेच तेच परत परत. आपल्याला बोअर वाटतं. पोरासाठी तीच खुंटी असते, जिच्यावर ते नवे शब्द टांगतं.

म्हणजे पोरं पोपट आहेत का? अजिबात नाही. जीन बर्को या बाईंनी १९५८ मध्ये एक साधा खेळ केला. एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवायचं आणि सांगायचं, ‘हा वग.’ मग दोन पक्षी दाखवून विचारायचं, ‘आता हे दोन...?’ पोरं म्हणाली, ‘वग्ज!’ हा शब्द कुणी कधी बोललाच नव्हता. मराठीत करून बघा. हा एक टमका, हे दोन... टमके. ही एक चिमरी, या दोन... चिमऱ्या. आलं ना? पुरेसे आंबा-आंबे, काठी-काठ्या ऐकले की डोकं आपला साचा आपणच पाडतं. आधी उदाहरणं, मग साचा. शाळेतल्या व्याकरणाच्या बरोबर उलट.

ब्रेक कुठे मारायचा?

साचा सापडला की पोरं सुसाट सुटतात आणि खरी कसोटी इथे लागते. चिऊच्या नोट्समधली माझी फेव्हरिट एंट्री: ‘मावशी, दादानी मला पडवलं!’ लॉजिक बघा. हसणं-हसवणं, रडणं-रडवणं, बसणं-बसवणं, मग पडणं-पडवणं. चुकलं कुठे? आपल्यालाच उत्तर नाही. पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं ही वेगळीच मंडळी आहेत आणि कोण कुठल्या गटात ते कपाळावर लिहिलेलं नसतं. ‘मी चित्र करलं’ हेही तसंच. धरणं-धरलं, मग करणं-करलं!

इंग्रजी पोरांचंही हेच होतं. मेलिसा बोअरमन या संशोधक बाईंची मुलगी म्हणायची, ‘डोन्ट गिगल मी!’ इंग्रजीत हे चूक. मराठीत तिचं तेच वाक्य, ‘मला हसवू नको’, शंभर टक्के बरोबर! एका भाषेतली चूक दुसऱ्या भाषेतला साचा असते.

मग ‘पडवलं’ जातं कसं? ओरडून नाही. तज्ज्ञांचं उत्तर साधं आहे. जिथे जिथे पोराला ‘पडवलं’ची अपेक्षा असते, तिथे तिथे त्याच्या कानावर ‘पाडलं’ येतं. एकदा, दहादा, पन्नासदा. हळूहळू ‘पाडलं’ जागा धरून बसतं आणि ‘पडवलं’ आपोआप गळून पडतं. यासाठी नियम नको, हवीत खूपशी खरीखुरी वाक्यं, खऱ्याखुऱ्या प्रसंगात. आपली ताई फक्त म्हणाली, ‘हो का? दादानी पाडलं तुला?’ झालं! हीच ट्यूशन.

चॉम्स्कीच्या बाजूचे लोक अजूनही वाद घालतात. जन्मजात काहीतरी असल्याशिवाय हे शक्य नाही म्हणतात. तो वाद मिटलेला नाही. पण एका गोष्टीवर दोन्ही पार्ट्यांचं दुमत नाही: कानावर भाषा पडलीच नाही, तर पोर ती भाषा बोलणार नाही.

मग घरी काय बोलायचं?

आता येऊ डायनिंग टेबलवर. माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंही आयटीत. मुलगा अडीच वर्षांचा. नर्सरीच्या ॲडमिशनच्या वेळी त्यांना सांगण्यात आलं, ‘घरी इंग्लिशच बोला, नाहीतर मूल कन्फ्यूज होईल.’ त्या दिवसापासून घरात इंग्लिश सुरू. मी एक अख्खी संध्याकाळ ऐकली. ‘कम फास्ट.’ ‘सिट प्रॉपरली.’ ‘डोन्ट टच.’ ‘फिनिश युअर मिल्क.’ ‘से थँक्यू टू मावशी.’ दोघांचं इंग्लिश उत्तम आहे, क्लायंट कॉल झकास करतात. पण पोराला घास भरवताना, लटकं रागवताना, चिऊ-काऊच्या गोष्टीत ऐनवेळी ट्विस्ट टाकताना लागतं ते इंग्लिश त्यांच्याकडे नाही. कारण ते इंग्लिश त्यांच्याशी कधी कोणी बोललंच नव्हतं. त्या संध्याकाळी पोराला मिळाल्या फक्त ऑर्डर्स. ‘पडता पडता वाचलास’ नाही, ‘चहाबिहा’ नाही, ‘शेंगदाणा तर सोडच, टरफलही देणार नाही’ नाही.

आणि आपलं इंग्लिश आतून मराठीच्या साच्यात ओतलेलं असतं, हेही खरं. मीटिंगमध्ये आपण बिनधास्त म्हणतो, ‘एक्स्प्लेन मी धिस.’ गोल्डबर्ग बाईंनी २०१९ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलंय. इंग्रजीत ‘टेल मी धिस’ चालतं, पण ‘एक्स्प्लेन मी धिस’ मूळ इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला खटकतं. का खटकतं, याचंच ते पुस्तक आहे. वीस-वीस वर्षं इंग्लिश मीडियममध्ये काढूनही आपल्याला तो खटका जाणवत नाही. साचे इतके खोल असतात.

राहता राहिलं कन्फ्यूजन. दोन भाषांमुळे मूल मागे पडतं, याला संशोधनात आधार नाही. पोरं दोन भाषांची सरमिसळ करतात, चिऊही आजीला ‘वेट कर’ म्हणते. पण ती सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे. जो तुकडा हाताशी आहे तो वापरून काम भागवणं. आपण नाही का करत? इंग्लिश शाळेत येणारच आहे, पुस्तकांतून आणि मित्रांकडून येणार आहे. पण मराठीचे साचे द्यायला शाळा येणार नाही. ते घरातूनच जातात.

‘अगं, पण यूट्यूबवर लावून देतो ना ऱ्हाइम्स!’ हे पुढचं. त्याचंही उत्तर तपासून झालंय. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, बारा वेळा. एका गटासमोर खरा माणूस बसून खेळत, बोलत होता. दुसऱ्या गटाला तोच माणूस, तेच बोलणं, पण डीव्हीडीवर. पहिल्या गटाने चिनी आवाजांतला फरक पकडला. डीव्हीडीवाल्यांनी काहीच नाही. २०१० मध्ये बाळांसाठीच्या एका खूप खपणाऱ्या डीव्हीडीची परीक्षा झाली. महिनाभर ती बघणारी मुलं न बघणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यात जास्त शिकली ती, ज्यांच्या आईबापांनी रोजची कामं करता करता तेच शब्द वापरले.

मग साताऱ्याच्या आजीचा व्हिडिओ कॉल? तो चालतो! २०१४ मध्ये अमेरिकेत दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला. समोरच्या माणसाकडून ती नवी क्रियापदं शिकली, लाइव्ह व्हिडिओ कॉलवरूनही शिकली, आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून मात्र नाही. प्रश्न स्क्रीनचा नव्हता. पलीकडचा माणूस आपल्याला उत्तर देतोय का, हा होता. २०१८ च्या एका अभ्यासातही चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांमध्ये हेच दिसलं. कानावर किती शब्द पडले त्यापेक्षा गप्पांची देवाणघेवाण किती वेळा झाली, याचं नातं मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी जास्त जवळचं होतं. तू बोल, मी बोलते, परत तू बोल.

एक सीरियस गोष्ट मध्येच सांगून टाकते. दीड वर्षाचं झालं तरी मूल एकही शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘याचे बाबापण उशिरा बोलले’ म्हणत बसू नका. डॉक्टरांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या. साचे कानातून आत जातात, दारच बंद असेल तर काय करणार?

बाकी टेन्शन नॉट. तुमच्याकडे वेळ कमी आहे, मान्य. साडेसातला घरी, नऊला पोर झोपणार. मधला दीड तास. त्यात फ्लॅशकार्ड्स काढू नका, ‘व्हॉट कलर इज धिस?’ची व्हायवा घेऊ नका. ज्या भाषेत तुमच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, त्या भाषेत तुमचा दिवस सांगा. ती मराठी असेल तर मराठी, कोकणी असेल तर कोकणी, अहिराणी असेल तर अहिराणी. सांगा, की आज लिफ्ट बंद होती. सात मजले चढून पाय दुखले, घाम फुटला. डबा तर सोडच, पाणीही विसरले होते. जिन्यात मांजर आडवं आलं आणि मी पडता पडता राहिले.

पोराला यातलं निम्मं कळणार नाही. तरी ते मान वर करून म्हणेल, ‘मग?’

त्या ‘मग?’ला उत्तर द्या.